गंगेवरून गोदारीपर्यंत

नाशिकला आम्ही गोदावरीला गोदावरी म्हणत नाही. ‘गंगेवर जाऊन येते’ म्हटलं की रामकुंड. पावसाळ्यात पाणी दुतोंड्या मारुतीच्या कंबरेला लागलं की छातीला, याची चर्चा घरोघर होते. पुढे ते कुणाच्या दारात जातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. यंदा संक्रांतीनंतर आठवडाभराची सुट्टी काढून बघायला गेले.

कल्याणहून कोणार्क एक्सप्रेसने आंध्रातलं राजमहेंद्रवरम, म्हणजे राजमुंद्री, गाठायचं होतं. दुसऱ्या दिवशी नदीअलीकडचं कोव्वूर मागे पडलं तशी डब्यातली झोपलेली माणसंसुद्धा उठून खिडकीशी आली. गोदावरीवरचा पूल पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आणि खाली सगळं पाणीच पाणी. समोरच्या आजींनी कमरेच्या पिशवीतलं नाणं कपाळाला लावून नदीत सोडलं, ‘गोदारम्मा’ म्हणाल्या. तिकडे गोदावरीला गोदारी म्हणतात. मग मोडक्या हिंदीत मला गाव विचारलं. नाशिक म्हटल्यावर त्यांच्या लक्षात येईना. त्र्यंबकेश्वर म्हणताच मात्र दोन्ही हात जोडले. मला संकोच वाटला. त्यांना नदीचा उगम नावानिशी ठाऊक होता आणि राजमहेंद्रवरम मी नकाशात शोधलं होतं.

गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे सिंहस्थ, आणि त्याच गुरूमुळे इथं गोदावरी पुष्करालु. २०१५ साली दोन्ही झाले, आता २०२७ मध्ये. पर्व एकच, पण आम्ही आमचा कुंभ तेवढा मोजतो.

राजमहेंद्रवरमला मी संध्याकाळ पुष्कर घाटावर काढली. अकराव्या शतकात पूर्व चालुक्य राजा राजराजनरेंद्राच्या दरबारात नन्नय्यांनी याच गावात महाभारत तेलुगूत आणायला घेतलं. ते अपुरं राहिलं. पुढे तिक्कना आणि एर्रना यांनी पुरं केलं. तेलुगू माणूस या तिघांना ‘कवित्रयमु’ म्हणतो आणि आपल्या साहित्याची सुरुवात तिथून सांगतो. मला घाटावर बसल्या बसल्या नेवासे आठवलं. ज्ञानेश्वरी तिथं प्रवरेकाठी सांगितली गेली आणि प्रवरा पुढे गोदेलाच मिळते. दोन भाषांचे एवढे मोठे ग्रंथ एकाच नदीच्या खोऱ्यातले! शाळेत हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

याच गावात समाजसुधारक कंदुकूरी वीरेशलिंगम यांनी १८८१ साली विधवाविवाह लावून दिला. धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी विवाह केला तो १८९३ सालचा.

धवळेश्वरम राजमहेंद्रवरमपासून जवळच आहे. इथं नदी अडवलेली आहे. आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरने १८४७ ते १८५२ या काळात बांध घातला आणि दुष्काळाने पिचलेला मुलूख भाताचं कोठार झाला. नंतर त्याजागी नवा बॅराज झाला, पण ‘काटन दोरा’, म्हणजे कॉटनसाहेब, विस्मरणात गेला नाही. गावोगाव त्याचे पुतळे आहेत, त्यांना हार घातलेले दिसतात. परक्या राज्यकर्त्याच्या माणसाविषयी एवढी खरी कृतज्ञता मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

इथंच एक गोष्ट समजली आणि आजींचा नमस्कार पुन्हा आठवला. इथवर येणारं बहुतेक पाणी नाशिकचं नाहीच. आमचं वाटेतल्या धरणांतच थांबतं. इथली गोदावरी भरते ती मुख्यतः प्राणहिता, इंद्रावती आणि शबरीने. प्राणहिता म्हणजे वर्धा आणि वैनगंगा, आपल्या विदर्भाचं पाणी. सिरोंच्यासमोर, कालेश्वरमला, ते गोदावरीत शिरतं. त्या नमस्कारातला मोठा वाटा गडचिरोलीचा होता.

धवळेश्वरमच्या खाली नदी फुटते. पूर्वेची गौतमी, पश्चिमेची वसिष्ठा, मधे कोनसीमा: नारळ, केळी, कालवे, भाताची खाचरं. आत्रेयपुरमला एका बाईला पूतरेकुलु नावाची मिठाई करताना पाहिलं. उपड्या मडक्याखाली नारळाच्या झावळ्यांचा जाळ. तांदळाच्या अगदी पातळ पिठात कापड बुडवून ती बाई मडक्यावरून एकदाच फिरवायची. डोळ्याचं पातं लवेपर्यंत कागदाहून पातळ पापुद्रा सुटून यायचा. पूत म्हणजे लेप, रेकु म्हणजे पापुद्रा. त्यात तूप, गूळ घालून घडी करतात. जिभेवर ठेवला की आधी तूप लागतं, मग गूळ, आणि पापुद्रा कधी विरला ते समजत नाही. मी तिला ‘अक्का’ म्हटलं. तो शब्द दोघींचाही होता. तिने माझ्या हातात कापड दिलं. माझे तिन्ही पापुद्रे फाटले, तेही तिने मलाच खायला लावले.

जेवण केळीच्या पानावर. पहिल्या घासापासून भात: आधी मुद्दपप्पु म्हणजे घट्ट वरण, तूप आणि आवकाय हे कैरीचं लोणचं, मग पुलुसु हे चिंचेचं कालवण, चारु म्हणजे सार, शेवटी दही. आवकायच्या फोडी मोहरीच्या पुडीने माखलेल्या, तिखट इतकं की डोळ्यांत पाणी, तरी हात थांबत नाही.

शेवटचा दिवस अंतर्वेदीचा. लक्ष्मीनरसिंहाचं दर्शन घेऊन पुढे किनाऱ्यावर गेले. वसिष्ठा तिथं समुद्राला मिळते. त्या जागेला ‘अन्नाचेल्लेळ्ळ गट्टु’ म्हणतात, भावाबहिणीचा बांध. अन्न म्हणजे आपला अण्णा, चेल्लेलु म्हणजे धाकटी बहीण. एका बाजूला नदीचं गढूळ पाणी, दुसऱ्या बाजूला समुद्राचं निळसर. मधे वाळूची पट्टी. मी त्या पट्टीवर उभी राहून भावाला नाशिकला फोन लावला आणि म्हटलं, गंगेवर आलेय.