एफिससचे हरवलेले बंदर

कुशादासी, तुर्कस्तान. रात्री, जहाजावर.

आज सकाळी आमचे जहाज कुशादासीच्या धक्क्याला लागले. एजियन समुद्राकाठचे हे गाव उन्हाळी सहलींसाठी प्रसिद्ध आहे. किनाऱ्याने हॉटेलांची रांग, वाळूवर रंगीत छत्र्या आणि धक्क्याबाहेर पाऊल टाकताच गालिचे व चामड्याच्या वस्तूंची दुकाने. जहाजावरचे बरेच प्रवासी तिथेच रमले. आम्ही मात्र हाती असलेला सगळा वेळ एफिसस या प्राचीन शहराच्या अवशेषांना द्यायचे आधीच ठरवले होते, आणि तसे केले याचे आत्ता लिहितानाही समाधान वाटते आहे.

कुशादासीहून एफिसस अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. बस किनारा सोडून आत वळली आणि दोन्ही बाजूंना सपाट शेते व फळबागा दिसू लागल्या. सासूबाई खिडकीतून पाहत होत्या. त्यांनी विचारले, "अगं, हे एवढं मोठं बंदर होतं म्हणतेस, मग समुद्र कुठाय?" पुढे दिवसभर जे जे पाहिले, त्यात मी याच प्रश्नाचे उत्तर शोधत राहिले.

रोमन काळात एफिसस ही आशिया प्रांताची, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या रोमन प्रांताची, राजधानी होती आणि तिची भरभराट बंदरावर उभी होती. जवळून वाहणारी काइस्टर नदी, जिला आज कुचुक मेंदेरेस म्हणतात, वर्षानुवर्षे त्या बंदरात गाळ आणून टाकत होती. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने लिहून ठेवले आहे, की पर्गामोन या ग्रीक राज्याच्या अट्टालस राजाने बंदराचे तोंड अरुंद करणारा बांध घातला. तोंड लहान झाले की पाणी खोल होईल आणि मोठी व्यापारी जहाजे आत येतील, असा त्याचा आणि त्याच्या स्थापत्यकारांचा अंदाज होता. घडले नेमके उलट. पूर्वी भरती-ओहोटीबरोबर जो गाळ बाहेर वाहून जायचा, तो आतच साठू लागला. पुढे रोमन बादशहा हेड्रियनच्या काळातही बंदर मोकळे करण्याचे प्रयत्न झाले, तरी नदीपुढे कोणाचेच चालले नाही. आज समुद्र तिथून सुमारे पाच-सहा किलोमीटर दूर आहे. एफिससचे बंदर निकामी झाल्यावर मध्ययुगात इटालियन व्यापाऱ्यांनी दक्षिणेकडचे जे बंदर जवळ केले आणि ज्याला ते स्काला नोव्हा म्हणत, तेच आजचे कुशादासी. आमचे जहाज सकाळी तिथे लागले, त्याच्या मुळाशीही हाच गाळ आहे.

वरच्या दरवाजातून आत शिरलो की क्युरेटेस मार्ग उताराने खाली जातो. संगमरवराच्या फरसबंदीवर पाय घसरू नये म्हणून जागोजागी खाचा कोरलेल्या आहेत. मी वाकून त्यांवरून बोट फिरवले. शतकानुशतकांच्या पावलांनी त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखत असल्यामुळे आम्ही अगदी सावकाश उतरलो आणि त्यामुळेच हे बारकावे डोळ्यांत भरले.

मार्गाच्या टोकाला सेल्ससचे ग्रंथालय येते. सेल्सस हा आशिया प्रांताचा राज्यपाल होता. त्याच्या स्मरणार्थ त्याचा मुलगा टायबेरियस ज्युलियस अक्विला याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात हे ग्रंथालय बांधायला घेतले. पोथ्यांच्या दालनाखालीच वडिलांची दगडी शवपेटी आहे. मुलाने वडिलांना ग्रंथांच्या सान्निध्यात ठेवावे, या कल्पनेने मी फार हेलावले. दर्शनी भागाचे मधले खांब कडेच्या खांबांपेक्षा मोठे असल्याने इमारत आहे त्याहून भव्य भासते. 1970 च्या दशकात ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी पडलेले तुकडे जुळवून हा दर्शनी भाग पुन्हा उभा केला. त्यातल्या चार स्त्रीमूर्ती मात्र प्रतिकृती आहेत. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत. त्या इथेच, आपल्या कोनाड्यांत असत्या, तर मला अधिक आवडले असते.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांना दिसले ते मोठ्या रंगमंदिराच्या पायऱ्यांवरून. समोर बंदराकडे जाणारा मार्ग सरळ रेषेत पसरला आहे. अर्केडियस बादशहाच्या काळात तो नव्याने बांधला गेला आणि रात्री तिथे दिवे लागत, असे शिलालेखावरून कळते. जहाजातून उतरलेला माणूस या दिव्यांच्या रांगेतून शहरात येत असे. आता तो मार्ग झाडोऱ्यात आणि दलदलीच्या हिरव्या पट्ट्यात संपतो. तो पट्टा हेच जुने बंदर. मी बोट दाखवले, तेव्हा सासूबाई बराच वेळ तिकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आपल्या खाड्यांचंही असंच होत चाललंय की."

प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक असलेल्या आर्टेमिस या ग्रीक देवीच्या मंदिराचा तुकडे रचून उभा केलेला एक खांब तेवढा पाहिला आणि परत निघालो.

सासूबाईंचे ते वाक्य परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यातून जात नव्हते. आमचे घर वसईचे. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या पेरिप्लस या सागरवर्णनात आपल्या किनाऱ्यावरची सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे नावानिशी येतात. भूमध्य समुद्राच्या जगातला माल तांबड्या समुद्रातून इकडे येत होता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती याच देवघेवीची खूण आहे. एफिससचे नाव जगभर माहीत आहे, 2015 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. याच काळात गजबजलेले सोपारा मात्र आमच्याकडे लोकलच्या स्टेशनाच्या नावातच काय ते उरले आहे. जिथे जहाजे लागत, तिथे आज इमारती उभ्या राहत आहेत, याची मला मनापासून खंत वाटते. भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये उत्खनन केलेला तिथला स्तूप घरापासून इतका जवळ आहे, पण सासूबाईंनी तो पाहिलेला नाही. परतल्यावर पावसाळ्याआधी त्यांना तिथे न्यायचे आणि मग मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याचा अशोकाचा शिलालेख पाहायला जायचे, असे आम्ही जेवताना ठरवले.