तुम्ही विचारलं म्हणून सांगते

सकाळी पोरींना रोडवर पळवते, पोलीस भरतीचे 800 मीटर, आणि मग चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी विचारतेच, "मॅडम, ट्रान्सजेंडर बाईनं बायांच्या गटात पळावं का?" मलाच काऊन विचारता ते मला चांगलं माहीत आहे. 1999 ची गोष्ट गाव विसरलं नाही न.

बी.ए. फर्स्ट इयरला होते, आंतरमहाविद्यालयीन 800 मीटर जिंकली. ओठावर लव, आवाज घोगरा, कापसाची गाठोडी उचलून उचलून खांदे असे झालेले. दुसऱ्या कॉलेजच्या सरांनी ऑब्जेक्शन घेतलं, "हे पोट्टं हाय." दोन मॅडम मला सामानाच्या खोलीत घेऊन गेल्या. फक्कीचं फुटकं पोतं, कोपऱ्यात गोळे, व्हॉलीबॉलचं जाळं. एक दाराला पाठ लावून उभी. दुसरी म्हणे, "आटप बाई, जेवण राह्यलं आमचं." ट्रॅकपँटची नाडी घामानं ओली, गाठ सुटेना, शेवटी तिनंच वाकून नखानं सोडवली. बाहेर जाऊन म्हणाली, "पोरगीच हाय." बस. पांढऱ्या फक्कीनं भरलेले पाय घेऊन बक्षीस घ्यायला उभी राह्यली, टाळ्या कमी, खिदळणं जास्त. आईला सांगितलं तर म्हणे कोणाले सांगू नोको, लग्न व्हाचं हाय तुह्यं. त्यानंतर मी स्पर्धेत पळालेच नाही.

2006 ला दोह्यात एशियन गेम्समध्ये आपल्या शांती सौंदराजनचं 800 चंच सिल्व्हर लिंग चाचणीत नापास म्हणून काढून घेतलं तेव्हा मी टीव्ही बंद केला. तेव्हापासून माझं एकच, पळू द्या सगळ्यांना, तुमच्या बापाचं काय जाते.

आता असं म्हणवत नाही. 800 चा पुरुषांचा रेकॉर्ड 1:40.91, बायांचा 1:53.28, बारा सेकंद म्हणजे किती लांब ते पळणाऱ्यालाच कळते. पुरुष म्हणून वयात आलेल्या शरीराची उंची, हाडं हार्मोनच्या गोळ्यांनी मागे जात नाहीत. म्हणून 2023 चा वर्ल्ड ॲथलेटिक्सचा नियम, की अशा ट्रान्स बायांना बायांच्या गटात घ्यायचं नाही, मला पटते. शिव्या द्या. पण शांती, आणि पुरुषी हार्मोन जास्त म्हणून 2014 ला थांबवलेली धावपटू द्युती चंद, ट्रान्स नव्हत्या, जन्मापासून पोरी म्हणूनच वाढल्या, आणि टपरीवर तुम्ही सगळ्यांना एकाच टोपल्यात टाकता, तिथं माझं डोकं फिरते.

सप्टेंबर 2025 पासून वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी जीन टेस्ट लागते, एसआरवाय नावाचा, सहसा पुरुषांत असणारा जीन आहे का ते पाहायची, आयुष्यात एकदाच, गालातून फाया फिरवला की झालं (कापूस आमच्याकडचाच असेल कदाचित). वाचून पह्यले हायसं वाटलं, नाडी सोडायची गरज नाही. मग वाटलं, उद्या हे खालपर्यंत आलं आणि आमच्या एखाद्या पोरीचा रिपोर्ट उलटा आला, तर तिच्या मायला समजावून कोण सांगणार, मी?

आणि मी काही लय धुतल्या तांदळाची नाही. मागच्या हिवाळ्यात एका ओपन स्पर्धेत माझी पोरगी दुसरी आली. पह्यली आलेली उंच, सपाट, जाड आवाजाची, विशीतली असेल. आणि माह्याच तोंडून निघालं, "चेक करा हिले." मोठ्यानं. कोणी चेक केलं नाही, पण तिनं ऐकलं, वळून माझ्याकडे पाह्यलं आणि बुटाची लेस बांधत बसली, बांधलेलीच होती ती.

माफी मागितली का? नाही. नंबर मिळवला आहे तिचा.