ते मराठी कोणाला कळत होतं?

मी मुंबई उच्च न्यायालयात भाषांतरकार होते असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच. तिथे गाजलेल्या फौजदारी खटल्यांपैकी सगळ्यात मोठा कोणता? विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा नानावटी असतात. तो खटला मोठा होताच. १९५९ साली सत्र न्यायालयातल्या ज्युरीने पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेल्या नौदलाच्या कमांडर नानावटींना आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटेना, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. वयस्कर मंडळी १९२५ च्या, बावला या मुंबईतल्या व्यापाऱ्याच्या खुनाची आठवण काढतात. मारेकऱ्यांचे धागे इंदूरपर्यंत गेले आणि त्या प्रकरणापायी तिथल्या तुकोजीराव होळकरांना पुढच्याच वर्षी गादी सोडावी लागली.

माझं उत्तर मात्र १९०८ चा टिळकांचा खटला हे आहे. ते थोर होते म्हणून तर खरंच, पण माझ्या कामामुळेही. तो खटला मराठी शब्दांवर चालला होता.

आमच्याकडे जिल्ह्यांतून अपिलं यायची. पंचनामे, जबाब, मृत्युपूर्व जबाब, सगळं मराठीत. त्यांचं इंग्रजी करून पेपर बुकात, म्हणजे न्यायाधीशांपुढे ठेवायच्या कागदांच्या संचात, घालायचं. एका जबाबात एक बाई म्हणाली होती, ‘तो म्हणाला, तुला बघून घेईन.’ पाच शब्द. शब्दाला शब्द ठेवला तर इंग्रजीत त्याचा अर्थ नुसतं पाहणं एवढाच होतो आणि धमकी नाहीशी होते. धमकी म्हणून लिहावं, तर मी माझं मत त्या बाईच्या तोंडी घातलं असं वकील म्हणणार. त्या ओळीवर मी अख्खी दुपार बसले होते. शेवटी मूळ शब्द तसेच ठेवून अर्थ शेजारी दिला. तेव्हापासून टिळकांच्या खटल्याकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागले.

बिहारमधल्या मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेल्या बॉम्बनंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांवर राजद्रोहाचा आरोप होता. ‘देशाचे दुर्दैव’ हा १२ मेचा, ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा ९ जूनचा. दोन्ही मराठीत, आणि कोर्टाची भाषा इंग्रजी. सरकारने खास ज्युरी मागितली तेव्हा बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टांनी टिळकांच्या वतीने हरकत घेतली, की अशा ज्युरीत युरोपियनच जास्त येणार आणि त्यांना मराठी येणार नाही. हरकत फेटाळली गेली. नऊ जणांची ज्युरी बसली, त्यात सात युरोपियन आणि दोन पारशी. ज्या लेखांसाठी माणसाला काळ्या पाण्यावर धाडायचं, ते लेख त्या सात जणांसमोर आले ते भाषांतरातूनच. न्यायमूर्ती होते दिनशा दावर. १८९७ च्या खटल्यात याच दावरांनी टिळकांच्या जामिनासाठी वकिली केली होती!

टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली. सरकारतर्फे साक्षीला आलेल्या भाषांतरकाराची उलटतपासणीही त्यांनीच घेतली. शब्दामागून शब्द काढून ते विचारत राहिले, हा अर्थ कुठून आणलात, दुसरा शब्द होता तो का घेतला नाहीत? ते वाचताना माझ्या पोटात गोळा येतो. त्या साक्षीदाराच्या जागी मी उभी असते तर माझ्याकडे तरी काय उत्तर होतं? नंतर ज्युरीपुढे ते २१ तासांहून जास्त बोलले. मराठीत राजकीय लिखाणाचे शब्द अजून घडतच आहेत, इंग्रजी शब्दांचं वजन त्यांच्यावर लादू नका, हे त्यांनी जीव तोडून समजावलं.

२२ जुलैच्या रात्री निकाल आला, सात विरुद्ध दोन. सहा वर्षं हद्दपारी आणि एक हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षं पूर्ण होणार होती. आणि कामगारांच्या संपाने मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या, सहा वर्षांना सहा दिवस. ‘केसरी’चं मराठी ज्यांना भाषांतराशिवाय कळत होतं, ते असे रस्त्यावर होते. मला या खटल्यातली सगळ्यात बोचरी गोष्ट हीच वाटते.

खटला चालला ते दालन म्हणजे सेंट्रल कोर्ट, दुसऱ्या मजल्यावरची ४६ नंबरची खोली. तिच्याबाहेर संगमरवरी पाटी आहे. १९५६ मध्ये, टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, मुख्य न्यायमूर्ती छागलांनी तिचं अनावरण केलं आणि हे प्रायश्चित्त असल्याचं सांगितलं. ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच्याच भिंतीवर आरोपीचे शब्द कोरले गेले. शिक्षेआधी काही बोलायचं आहे का, असं विचारल्यावर टिळक जे बोलले तेच ते शब्द.

तेही इंग्रजीत बोललेले. आपण शाळेत पाठ केलं ते भाषांतर. मला जमतं ते असं: ‘ज्युरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे असंच माझं म्हणणं आहे. माणसांचं आणि राष्ट्रांचं भवितव्य याहून श्रेष्ठ शक्तींच्या हाती असतं. मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या सोसण्यानेच माझं कार्य अधिक फोफावावं, अशी ईश्वरी इच्छा असेल.’

शेवटच्या वाक्यात त्यांनी ‘प्रॉव्हिडन्स’ म्हटलं होतं. कोणी त्याचं नियती करतं, कोणी परमेश्वर. नियती मला फार कोरडी वाटते. परमेश्वर म्हटलं की देवळातली मूर्ती डोळ्यांपुढे येते, आणि ते तसं म्हणाले नव्हते. म्हणून ईश्वरी इच्छा. निवृत्तीच्या दिवशी जिना उतरण्याआधी त्या पाटीपाशी थांबले होते, तेव्हाही मनात हाच शब्द फिरवत होते.