घड्याळाच्या सेलपासून पोटातल्या कॅमेऱ्यापर्यंत, आमची वाटचाल

सोलापूरच्या नवी पेठेत बाबांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, डोळ्याला भिंग लावून चिमट्याने स्क्रू उचलायला मी तिथंच शिकलो. पुढं इलेक्ट्रॉनिक्स केलं, हॉस्पिटलमधले एंडोस्कोप, म्हणजे पोटात घालायच्या दुर्बिणी, दुरुस्त करायला लागलो आणि त्याच कामात एका डॉक्टरांकडून कॅप्सूल एंडोस्कोपीचं कळलं, म्हणजे कॅमेऱ्याची गोळी गिळायची आणि ती आतून फोटो काढत जाते. खरं सांगतो, आधी पटेनाच. ११ मिलिमीटर जाड, २६ मिलिमीटर लांब गोळी, आणि तेवढ्यात कॅमेरा, एलईडी, ट्रान्समीटर, अँटेना, सगळं!

कल्पना इस्रायलच्या गाव्रिएल इदान यांची, मूळचे क्षेपणास्त्रांच्या कॅमेऱ्यांवर काम करणारे इंजिनियर. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तोंडातून घातलेली दुर्बीण जठराच्या थोडं पुढं जाते, खालून घातलेली मोठं आतडं बघते, मधलं सहाएक मीटर लहान आतडं राहूनच जातं, त्यासाठी ही गोळी. खरी अडचण होती विजेची. सीमॉस सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, आला, तो अगदी कमी करंट खातो, म्हणून दोन बटण सेलवर आठेक तास, सेकंदाला दोन फोटो निघायला लागले. बाबांना आतली रचना दाखवली तर त्यांनी बोट नेमकं सेलवरच ठेवलं, "अरे हे तर सिल्व्हर ऑक्साइडचे, आपल्या घड्याळातले!" त्या दिवशीच ठरवलं, सोलापुरात ही सोय आपण करायची.

कर्ज काढून रेकॉर्डर, म्हणजे गोळीने पाठवलेले फोटो साठवणारं यंत्र, घेतला. पण पहिल्याच पेशंटची गोळी जठरातच रेंगाळली आणि सेल संपले, हजारो फोटो, सगळे जठराचे. गोळी एकदाच वापरायची असते, पेशंटचा त्यात काय दोष, म्हणून दुसरी आम्ही आमच्या खर्चाने दिली, त्या महिन्यात पगार कसे केले ते आम्हालाच माहीत. तेव्हापासून तासाभराने लाइव्ह स्क्रीनवर गोळी पुढं सरकली का हे बघितल्याशिवाय आमच्याकडे काम करणारा मुलगा हॉस्पिटल सोडत नाही, अडकली असेल तर लगेच डॉक्टरांना सांगतो.

मग शहराच्या पूर्व भागातले एक अण्णा आले, चादरीच्या कारखान्यात काम करणारे, हिमोग्लोबिन सारखं उतरायचं, रक्त चढवून झालं, दोन्हीकडून दुर्बीण झाली, सापडत काही नव्हतं. मी स्वतः पोटावर सेन्सर चिकटवले, कमरेला रेकॉर्डर बांधला. चुंबकाच्या डबीतून गोळी काढली की ती लगेच लुकलुकायला लागते, ते बघून अण्णा म्हणाले "काजवाच की हो", आणि पाण्याबरोबर गिळून टाकली. पन्नासेक हजार फोटोंतल्या मोजक्याच फोटोंत आतड्याच्या भिंतीवर लाल ठिपका, त्यातून रक्ताची बारीक धार. डॉक्टर स्क्रीनपाशी बराच वेळ गप्प बसले, नंतर अण्णांच्या मुलाला आत बोलावलं.

आता दुसरा रेकॉर्डर घेतोय. अक्कलकोट, मंगळवेढ्याहून उपाशीपोटी पहाटे निघून आलेल्या माणसाला "आज मशीन रिकामं नाही" असं सांगायची वेळ येऊ नये एवढ्यासाठी.