मुलगा बोलतो, म्हणून प्रमाणपत्र अडले

माझ्या मुलाला तहान लागली की तो माझ्याकडे येऊन विचारतो, “तुला पाणी हवंय का?” हा प्रश्न नसून त्याची मागणी आहे, हे ओळखायला आम्हा दोघांना बरेच महिने लागले, आणि ऑटिझमचे दिव्यांग प्रमाणपत्र देणाऱ्या जिल्हा रुग्णालयातील मंडळाला ते पटवून देण्यासाठी तीन फेऱ्या माराव्या लागल्या. त्या फेऱ्यांचा राग अजून पुरता शमलेला नाही, पण याच वाटेने जाणाऱ्या पालकांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

निदान त्या मानाने लवकर झाले. अडीच वर्षांचा असताना तो पूर्ण वाक्ये बोलत असे आणि दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे ओळखत असे. मात्र हाक मारल्यावर वळून पाहत नसे, आवडलेली वस्तू आम्हाला बोटाने दाखवत नसे, आणि मिक्सर सुरू झाला की कान घट्ट दाबून धरत असे. बेरा चाचणीत श्रवण व्यवस्थित निघाले, आणि पुढे पुण्यातील विकासात्मक बालरोगतज्ज्ञांनी ऑटिझमचे निदान केले. बोलताना त्यांनी एस्परगर हा शब्द वापरला आणि आमच्या गावच्या डॉक्टरांनी शिफारशीच्या चिठ्ठीवर तोच लिहिला. पहिली फेरी त्या एका शब्दापायी फुकट गेली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि त्यांत एस्परगर नावाचा वेगळा प्रकार नाही, कारण 2013 पासून अमेरिकी मनोविकार नियमावलीने ते निदान ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डरमध्येच सामावून घेतले आहे. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने “यादीत नाही” म्हणून अर्ज परत केला. चिठ्ठीवर ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर असेच लिहून घ्यावे, आणि ऑनलाइन अर्जातील मुलाचे नाव आधार कार्डावरील नावाशी अक्षरश: जुळते ना, हेही घरूनच पाहून निघावे.

दुसऱ्या फेरीची आठवण मला आजही अस्वस्थ करते. सकाळी साडेनऊला केसपेपर काढला आणि आमचा क्रमांक दीड वाजता आला. मधल्या चार तासांत त्या बोळात बसायला जागा नव्हती आणि क्रमांक ध्वनिक्षेपकावरून पुकारले जात होते. प्रत्येक पुकाऱ्याला मुलगा दचकत होता. काही वेळाने तो खोलीच्या दारापाशी काढून ठेवलेल्या चपला एका रेषेत लावू लागला, आणि त्यामुळे तो खरोखर शांत झाला होता. तेवढ्यात कोणीतरी आपली चप्पल उचलून पायात घातली. रेष मोडली आणि तो फरशीवर आडवा पडून रडू लागला. आजूबाजूच्यांनी “लाडावलेला आहे” म्हटले. माझी पत्नी त्याला छातीशी घट्ट धरून जिन्याखाली बसून राहिली.

आत गेलो तेव्हा तो थकून गप्प झाला होता. तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारले, “तुझं नाव काय?” तो म्हणाला, “तुझं नाव काय?” त्यांनी हसून विचारले, “चॉकलेट हवंय?” तोही म्हणाला, “चॉकलेट हवंय?” डॉक्टर आम्हाला म्हणाले, “स्पष्ट बोलतो की! कसला ऑटिझम? वयानुसार सुधारेल.” ही तपासणी चार-पाच मिनिटांत आटोपली. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत करणे हेच त्याच्या अडचणीचे लक्षण आहे, हे मी सांगू लागलो, तोवर पुढचा क्रमांक पुकारला गेला होता.

ऑटिझमची टक्केवारी इसा या भारतीय मापनश्रेणीवर ठरते. तिच्यात 40 मुद्दे असून प्रत्येकाला 1 ते 5 गुण असतात, आणि ते मुलाचे निरीक्षण करून व पालकांना विचारून द्यायचे असतात. चार-पाच मिनिटांत हे कसे होणार? आपल्या मुलाची इसा पूर्ण भरली गेली का, हे पालकांनी तिथेच, नम्रपणे पण ठामपणे विचारावे. मी त्या दिवशी विचारले नाही, याचे मला वाईट वाटते.

तिसऱ्या फेरीच्या आधी आम्ही घरी मोबाइलवर एक-दोन मिनिटांची सात चित्रीकरणे केली: पाणी मागताना, हाक मारल्यावर, मिक्सर सुरू असताना, इतर मुलांमध्ये. त्या दिवशी असलेल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ती सगळी पाहिली, दार लावून घेतले आणि जवळजवळ तासभर त्याच्यासोबत जमिनीवर बसल्या. इसावर 81 गुण झाले आणि 50 टक्क्यांचे तात्पुरते प्रमाणपत्र मिळाले. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय या आरोग्य विम्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्रच लागते. त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो आणि थेरपीही बसते.

थेरपी मात्र प्रमाणपत्रासाठी थांबवू नये. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ती मोफत असते. आमच्या वाचा उपचारतज्ज्ञांनी सांगितले की त्याला प्रश्न विचारू नका, त्याने जे म्हणायला हवे तेच त्याच्या वतीने म्हणा. म्हणून पेला पुढे करताना आम्ही “मला पाणी हवं” म्हणू लागलो. चार महिन्यांनी एका दुपारी तो स्वयंपाकघरात आला आणि माठाकडे पाहत म्हणाला, “मला पाणी हवं.” परक्या माणसासमोर तो अजून प्रश्नच परत करतो. प्रमाणपत्राचे नूतनीकरण व्हायचे आहे, म्हणून मी चित्रीकरणे आजही करून ठेवतो.