दिमोनाची आजी

आजीचं नाव इथे लिहीत नाही. घरच्यांना ते नको आहे. तशीही दिमोनात कुणाला गरज नाही, नुसतं 'रमीवाली आजी' म्हटलं की पुरतं. गेल्या महिन्यात ती गेली, ९४ वर्षांची होऊन.

मी इस्राएलमधल्या बीरशेवाच्या विद्यापीठात संशोधनासाठी आलो तेव्हा कुणीतरी सांगितलं, तासाभरावर नेगेव वाळवंटात एक गाव आहे, तिथे मराठी बोलतात. मला ती थाप वाटली. दिमोनाच्या बाजारात उतरलो तर दुकानात पापड, चिवडा, अगरबत्त्या, आणि मागून खणखणीत कोकणी हेलाचा आवाज: "अरे, तो नारळ हलवून बघ आधी, मग पैसे दे!" ती आजी. त्या दिवशी जेवायलाच घेऊन गेली. अहोजाहो केलं तर रागवायची.

ती बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. अलिबाग-रेवदंड्याकडच्या वाचकांना 'शनिवार तेली' सांगायला नकोत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते नाव पडलं. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि आपण त्यांचे वंशज, ही कथा आजी साक्षीदार असल्यासारखी सांगायची. वर पुस्ती जोडायची, "देवानं समुद्रातून वाचवलं, आणि शेवटी आणून टाकलं कुठं? वाळूत!"

मुंबईत ती नर्स होती. १९६१ साली नवरा आणि दोन मुलांसह इकडे आली. तेव्हाचं दिमोना म्हणजे जेमतेम सहा वर्षांचं गाव. हिब्रू येईना, म्हणून इस्पितळाऐवजी कापडगिरणीत उभी राहिली. याबद्दल ती कधी रडली नाही, पण गिरणीतल्या मुकादमाची नक्कल मात्र नव्वदीतही करायची.

खरी भडकली ती पुढच्या वर्षी. १९६२ साली इथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या कचेरीने फर्मान काढलं, बेने इस्राएल मुलामुलींची लग्नं इतर ज्यूंशी लावण्याआधी आई, आजी, पणजीपर्यंतचं कूळ तपासा. शेकडो वर्षं कोकणात राहून शब्बाथ (शनिवारचा विसावा) आणि सुंता पाळलेल्यांना ज्यू असल्याचा पुरावा मागितला. आजीचा धाकटा दीर लग्न ठरवून बसला होता. त्याच्यासोबत हीही कचेरीत गेली आणि टेबलामागच्या माणसाला मोडक्या हिब्रूत म्हणाली, "माझ्या पणजीचा दाखला हवा? काढ आधी तुझ्या पणजीचा." पुढचं मराठीत बोलली. ते मी लिहू शकत नाही.

१९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला मोर्चे निघाले, धरणं झाली. तान्ह्या मुलीला काखेत घेऊन ही तिथे. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यूच आहेत, आणि मग रब्बींनी ते फर्मान मागे घेतलं. आपल्याकडे ही लढाई फार कुणाला ठाऊक नाही. मलाही ती पुस्तकातून नाही, आजीच्या ओट्याजवळ कळली. मटणात नारळाचं दूध ओतता ओतता ती सांगत होती. (मांसाबरोबर दूधदुभतं त्यांना चालत नाही. ती अडचण कोकणच्या नारळाने कधीच सोडवून टाकलेली.)

नातू सैन्यातून सुखरूप सुटला तेव्हा तिने मलिदा केला. भिजवलेले पोहे, साखर, खोवलेलं खोबरं, ताटाभोवती फळं, आणि एलियाहू नबीचं नाव. हा ज्यूंचा प्रेषित अलिबागजवळच्या खंडाळ्याला येऊन गेला आणि तिथल्या खडकावर त्याच्या घोड्याच्या टापा उमटल्या, असं हे लोक मानतात. "तो तिथून वर गेला," आजी म्हणायची. मी 'कशावरून' असं विचारलं नाही. पणजीच्या दाखल्याची गोष्ट ऐकून झाली होती.

शिवाच्या, म्हणजे सुतकाच्या सात दिवसांत मी जाऊन आलो. आरसे झाकलेले, मुलं बुटक्या स्टुलांवर बसलेली, दार सताड उघडं. जेवण शेजारपाजारचे आणतात, घरात चूल पेटवत नाहीत. पण शांतता म्हणाल तर नावाला नाही. मुली मराठीत भांडत होत्या, नातवंडं हिब्रूत हसत होती. आई जेरुसलेमहून ट्रकने परतली की बसने, यावरून दोघी लेकींचं वाजलं. दोघीही तेव्हा तिथे बोलण्याच्या वयाच्या नव्हत्या.

समोरच्या घरातली मोरोक्कन म्हातारी रोज येऊन बसत होती. दोघींची कितीतरी वर्षांची रमी; भाषा कुणाचीच कुणाला धड येत नव्हती. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाली, "मेल्या, बस!" उच्चार अगदी आजीचा.

जाताना तिने थोरल्या मुलाला बाजूला घेतलं. शेवटच्या डावाचे सत्तावीस शेकेल आजीकडे राहिले होते. त्याने तीस दिले. तिने मोजले, आणि पर्समधून तीन काढून परत केले.