मामाचा कॅमेरा आणि हरवलेले साडेपाच तास

गिरगावात आमच्या मामाचं फरसाणचं दुकान आहे, दहा बाय बाराचं, वर पोटमाळा. मागच्या वर्षी त्याचा डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डब्बा) उडाला तेव्हा मीच शहाणपणा केला, म्हटलं नवीन डब्बा कशाला घेतोस, माझा जुना आय-फाईव्ह डेस्कटॉप घरी धूळ खात पडलाय, त्यावर करतो सगळं. लॅमिंग्टन रोडवरून चार आयपी कॅमेरे (नेटवर्कच्या केबलवर चालणारे), एक पीओई स्विच (त्याच केबलमधून कॅमेऱ्यांना वीज देणारा) आणि 1 टीबीची सर्व्हेलन्सवाली हार्ड डिस्क आणली (साधी डिस्क चोवीस तास लिहून लिहून लवकर मान टाकते), उबंटू सर्व्हर ही लिनक्स सिस्टिम टाकली, वर झोनमाइंडर हे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि डोकं खातं.

पहिल्या दोन रात्री रेकॉर्डिंगच नाही. सगळी सेटिंग्ज उलटीपालटी केली, मग कळलं की मामा शटर पाडायच्या आधी मेन स्विच बंद करतो, तीस वर्षांची सवय! यूपीएस बिचारा थोडा वेळ बोंबलून गप्प व्हायचा. शेवटी कॉम्प्युटरला वेगळी लाईन ओढली. त्यावर मामाचा पहिला प्रश्न, बिल किती येणार? 50 वॅट धरले तर दिवसाला सव्वा युनिट, महिन्याला छत्तीस-सदतीस. बराच वेळ पुटपुटत होता.

डिस्कचा हिशोब मात्र आधीच केला होता. एका कॅमेऱ्याला 2 एमबीपीएस (सेकंदाला 2 मेगाबिट) म्हणजे दिवसाला साधारण 21 जीबी, चारांचे 86, म्हणजे 1 टीबी जेमतेम अकरा दिवसांत फुल्ल. म्हणून गल्ल्याचा कॅमेरा सतत चालू आणि बाकीचे तीन मोशनवर, म्हणजे समोर काही हललं तरच रेकॉर्डिंग. तर बाहेरचा कॅमेरा रात्री शेकड्यांनी इव्हेंट (हालचालीच्या क्लिपा) टाकायला लागला, मला वाटलं गल्लीत काय चालू आहे काय रोज! क्लिप उघडली तर लेन्ससमोर कोळ्याचं जाळं. रात्री दिसावं म्हणून कॅमेऱ्यात आयआर, म्हणजे इन्फ्रारेड दिवे असतात, त्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि वारा आला की ते जाळं पांढरं फटक लकाकत हलतं, सॉफ्टवेअरला वाटतं माणूस आला. पावसाचे थेंबही तसेच, रेघोट्याच रेघोट्या. झोन, म्हणजे चित्रातला हालचाल तपासायचा भाग, लहान केला, किती पिक्सेल बदलले की अलार्म ते वाढवलं, पण खरा उपाय म्हणजे दर रविवारी काठीला फडकं बांधून पुसणं. आतल्या कॅमेऱ्यात पंख्याने हलणाऱ्या वेफर्सच्या माळा होत्या, त्या झोनमधून कापल्या.

आणि मग तेलाचा डबा गेला. 15 किलोचा. संध्याकाळी मोजले तर चारचे तीन. टेम्पो सकाळी सव्वासातला येतो, माल दुकानातला पोरगा उतरवून घेतो, त्यामुळे संशय कुणावर ते सांगायला नको. मामाने स्वतःच सव्वासातचं रेकॉर्डिंग लावलं आणि मला फोन, "अरे तुझा कॉम्प्युटर पिऊन बसलाय का, सकाळी सातला दुकानात गिऱ्हाईकं कुठून आली, बाहेर कडक ऊन पडलंय!"

दोन मिनिटं मलाही कळेना. मग एकदम पेटली. उबंटू सर्व्हर टाकला की घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर असतं, टाइमझोन आपण बदलायचा, आणि मी ते विसरलो होतो. म्हणजे सगळं साडेपाच तास मागे. चूक शंभर टक्के माझी, आणि महिनाभर कुणाच्या लक्षात नाही कारण लाईव्ह बघताना कोपऱ्यातले आकडे कोण वाचतंय. सकाळचे सव्वासात म्हणजे रेकॉर्डिंगमधले पावणेदोन. तिथे गेलो तर पोरगा अर्धवट झोपेत, टेम्पोवाला डबे ठेवतोय, एक, दोन, तीन, आणि चलनावर सही घेऊन गेला. चौथा डबा उतरलाच नव्हता.

टाइमझोन लगेच एशिया-कोलकाता केला, एक ओळीची कमांड. आता मामाला घरून फोनवर बघायचंय, ते व्हीपीएनवरूनच (नेटवरचा खाजगी, कुलूपबंद रस्ता) करणार, राउटरवर पोर्ट उघडून, म्हणजे बाहेरच्या कुणालाही दार उघडं ठेवून, अजिबात नाही. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच नेटवर उघडे आणि कंपनीच्याच पासवर्डवर सोडलेले कॅमेरे लाखांनी पकडले होते. आमच्या डीव्हीआरचा पासवर्ड पण 12345 होता म्हणा.

डबा पुढच्या फेरीला आला. मामा पोराला काही बोलला नाही, पण त्या दिवशी चहाबरोबर त्याच्यासाठी स्वतःहून सामोसा मागवला, हे मी कॅमेऱ्यातच बघितलं, टाइम 4:52, बरोबर.